मुलांना चोक्टॉ लोकांची हकालपट्टी शिकवताना: वाक्याचा कर्ता कोण?

डॅलसजवळ रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. नोव्हेंबरमध्ये त्यांना ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी चोक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या १८३० च्या दशकातल्या हकालपट्टीवर दोन तास घ्यायचे आहेत. मुलांनी पाठीला गाठोडी बांधून मैदानाला फेऱ्या घालायच्या, मधेच काहींनी ‘मेलो’ म्हणून खाली बसायचं, म्हणजे त्या प्रवासाची कल्पना येईल, असा बेत आहे. मरणाबद्दल किती सांगावं, हे त्यांनी विचारलं आहे. शिवाय एका मुलीने घरी विचारलं, ‘आई, मग आपलं घर कोणाच्या जागेवर आहे?’ त्याचं उत्तर काय द्यावं, हेही त्यांना हवं आहे.

ताई, मी ओक्लाहोमात बावीस वर्षं चौथी-पाचवीच्या मुलांना इतिहास शिकवला. पहिल्याच वर्षी मीही गाठोड्यांचा खेळ केला होता, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. मुलांना तो फार आवडला. ती हसली, पळाली, ‘मेलेल्यांनी’ एकमेकांना गुदगुल्या केल्या. वर्गात एक चोक्टॉ मुलगा होता. तो कुंपणाला टेकून उभा राहिला आणि शेवटपर्यंत खेळला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत आली. ती रागावली नाही. तिच्या पणजीची आई त्या वाटेने आली होती, एवढं तिने सांगितलं आणि नातवाला उद्या सुट्टी हवी आहे म्हणाली. त्यानंतर मी तो खेळ कधीही घेतला नाही. तुमच्या वर्गात चोक्टॉ मूल नसेल, तरी घेऊ नका. मैदानाच्या चार फेऱ्यांनी थंडी कळत नाही, भूक कळत नाही आणि घर कायमचं गेल्याचं तर मुळीच कळत नाही. ‘मला कळलं’ असा खोटा विश्वास मात्र मुलांच्या मनात बसतो, आणि तो पुढे काढून टाकणं फार अवघड जातं.

मग काय करायचं? तुमच्याकडे एक साधन आहे, जे इंग्रजी शाळेतल्या मला नव्हतं. तुम्ही मराठी शिकवता. पाठाचा कणा व्याकरणालाच करा.

मराठीत ‘जावं लागलं’ ही फार सोयीची रचना आहे. ‘चोक्टॉ लोकांना आपली भूमी सोडून जावं लागलं.’ वाक्यात चूक काढता येणार नाही. पण पूर आला आणि जावं लागलं, दुष्काळ पडला आणि जावं लागलं, हेही आपण असंच म्हणतो. हे वाक्य ऐकणाऱ्या मुलाला वाटतं की काहीतरी आपोआप घडलं. ‘स्थलांतर’ हा शब्दही तसाच. पक्षी स्थलांतर करतात, नोकरीसाठी तुम्ही-आम्ही स्थलांतर केलं. चोक्टॉ लोकांना घालवलं गेलं, आणि घालवणाऱ्यांची नावं, पदं, तारखा कागदावर आहेत. म्हणून फळ्यावर ‘जावं लागलं’ हे वाक्य लिहा आणि मुलांना म्हणा, यातला कर्ता हरवला आहे, आपण तो शोधू या. मोठ्या मुलांना रिकाम्या जागा द्या: ‘____ने कायदा केला’, ‘____नी मतं दिली’, ‘____ने नोंद करायला नकार दिला’, ‘____नी कापूस लावला’. ‘ने’ आणि ‘नी’ हे प्रत्यय मुलं या एका पाठात जितके पक्के शिकतील, तितके दहा स्वाध्यायांतून शिकणार नाहीत.

आता त्या जागांत भरायचा मजकूर. हा तुम्हाला नीट माहीत हवा, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

चोक्टॉ, त्यांच्या भाषेत ‘चाह्ता’, यांची मूळ भूमी म्हणजे आजचं मिसिसिपी राज्य आणि लगतचा अलाबामा-लुईझियानाचा काही भाग. मिसिसिपीत नानिह वाया नावाचा मातीचा प्राचीन उंचवटा आहे. त्याला ते आई मानतात, आणि आपण इथूनच या जगात आलो, अशी त्यांच्या कथांपैकी एक सांगते. हे लोक मका, घेवडा, भोपळा पिकवणारे शेतकरी होते. गावं होती, प्रमुख होते, सभा होत्या. मुलांच्या डोक्यात तंबू, घोडे आणि पिसांचा मुकुट असतो. तो सिनेमातून आलेला आहे आणि बहुतेक वेळा गवताळ मैदानांवरच्या वेगळ्याच लोकांचा आहे. तो आधी पुसावा लागतो.

अमेरिकेच्या सरकारने चोक्टॉ लोकांबरोबर १७८६ पासून १८३० पर्यंत नऊ करार केले. पहिल्या करारात मैत्री आणि संरक्षण, आणि पुढच्या बहुतेक करारांत थोडी थोडी जमीन जात गेली. यातली पुशमाताहा या प्रमुखाची गोष्ट मुलांना लगेच भिडते. १८१३-१४ च्या युद्धात तो आपले योद्धे घेऊन अमेरिकन सेनानी अँड्र्यू जॅक्सनच्या बाजूने लढला. १८२० मध्ये डोक्स स्टँडच्या करारासाठी तोच जॅक्सन समोर बसून त्याच्याकडे जमीन मागत होता. मोबदला म्हणून देऊ केलेल्या पश्चिमेकडच्या जमिनीवर आधीच गोरे लोक घरं करून राहिले आहेत, हे पुशमाताहाने त्याला तोंडावर सांगितलं. पुढे तक्रार घेऊन तो वॉशिंग्टनला गेला आणि १८२४ च्या डिसेंबरात तिथेच वारला. काँग्रेशनल सेमेटरीत त्याला लष्करी इतमामाने पुरलं. जॅक्सन चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. मित्राने शब्द फिरवला तर कसं वाटतं, हे आठ वर्षांच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

१८३० च्या जानेवारीत मिसिसिपी राज्याने चोक्टॉ लोकांवर स्वतःचे कायदे लागू केले. त्यांचं स्वतःचं शासन बेकायदा ठरलं. प्रमुख म्हणून काम करणाऱ्याला दंड आणि तुरुंगाची भीती घातली. मग २८ मे १८३० रोजी जॅक्सनने इंडियन रिमूव्हल ॲक्टवर, म्हणजे मूळ रहिवाशांना पश्चिमेला हलवण्याच्या कायद्यावर, सही केली. इथे एका आकड्यावर थांबा. प्रतिनिधिगृहात या कायद्याच्या बाजूने १०२ आणि विरुद्ध ९७ मतं पडली. म्हणजे तीन जणांनी मत बदललं असतं तर कायदा पडला असता. ‘त्या काळी सगळ्यांना तसंच वाटायचं’ असं कोणीतरी पालक हमखास म्हणतो. त्याला हे उत्तर पुरेसं आहे. सेनेटमध्ये न्यू जर्सीचे थिओडोर फ्रेलिंगहायसन तीन दिवसांत मिळून सहा तास याविरुद्ध बोलले. आणि टेक्सासच्या मुलांना अलामोच्या लढाईमुळे माहीत असलेला डेव्ही क्रॉकेट तेव्हा टेनेसीचा प्रतिनिधी होता. त्याने जॅक्सनच्या राज्याचा असूनही विरोधात मत दिलं. तुमच्या वर्गात हे सांगाल तेव्हा मुलं ताठ बसतील, कारण हा माणूस त्यांच्या ओळखीचा आहे.

करार झाला त्या जागेचं नाव डान्सिंग रॅबिट क्रीक, म्हणजे नाचऱ्या सशाचा ओढा. लहान मुलं हसतात. हसू द्या, मग काय झालं ते सांगा. सप्टेंबर १८३० मध्ये हजारो चोक्टॉ तिथे जमले. सरकारकडून युद्धमंत्री जॉन ईटन आणि जॉन कॉफी आले होते. बहुतेक लोक जमीन द्यायला नकार देऊन घरी परतले. मागे राहिलेल्या प्रमुखांवर धाकदपटशा करून २७ सप्टेंबरला सह्या घेतल्या. मिसिसिपीतली सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन गेली. बदल्यात पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात, न पाहिलेली जमीन मिळाली. करारात एक चौदावं कलम होतं. ज्यांना मिसिसिपीतच राहायचं आहे त्यांनी सहा महिन्यांत सरकारी एजंटाकडे नाव नोंदवावं, कुटुंबप्रमुखाला ६४० एकर मिळतील. तो एजंट होता विल्यम वॉर्ड. त्याने कित्येकांना परत पाठवलं, नोंदी नीट ठेवल्या नाहीत, आणि शेवटी मोजक्याच कुटुंबांची नोंद झाली. मोठ्या मुलांबरोबर मी या कलमावर अख्खा तास घालवत असे. कागदावर हक्क असणं आणि तो हातात पडणं यांतलं अंतर दाखवायला याहून स्पष्ट उदाहरण मला मिळालं नाही. आपल्याकडे सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या आजोबांची गोष्ट बहुतेक घरांत असते. मुलं ती आपण होऊन सांगतात आणि वॉर्ड कोण होता हे त्यांना कळतं.

ही सगळी घाई जमिनीसाठी, आणि जमीन कापसासाठी. मिसिसिपीची काळी सुपीक माती मळेवाल्यांना हवी होती आणि त्या मळ्यांवर राबायला गुलाम केलेली काळी माणसं आणली जात होती. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना पुढचं अवघड सत्यही सांगा. काही श्रीमंत चोक्टॉ कुटुंबांकडेही गुलाम होते, आणि त्या काळ्या माणसांनाही ती वाट चालावी लागली. (बघा, ‘लागली’ माझ्याही वाक्यात आलंच. त्यांना मालकांनी चालायला लावलं.) करारावर सही करणारा प्रमुख ग्रीनवुड लफ्लोर स्वतः मिसिसिपीतच राहिला आणि मोठा मळेवाला झाला. अन्याय झालेले लोक सगळे निर्मळ असावेत असा हट्ट मुलं धरतात. तो हळूच सोडवायला हवा, नाहीतर पुढे हे कळल्यावर ती सगळ्याच गोष्टीवर अविश्वास दाखवतात.

प्रवास तीन हिवाळ्यांत झाला: १८३१, १८३२ आणि १८३३ पासून. माणसं मेम्फिस आणि व्हिक्सबर्गला गोळा केली, तिथून आगबोटी, बैलगाड्या आणि पायी. अंतर साधारण ८०० किलोमीटर, म्हणजे आजी-आजोबांना सांगायचं तर जवळपास मुंबई ते नागपूर. पहिल्याच हिवाळ्यात हिमवादळ आलं. आर्कन्सॉ पोस्टजवळ लोक अडकले. तंबू अपुरे, कपडे उन्हाळ्याचे, कित्येकांचे पाय अनवाणी. दुसऱ्या वर्षी कॉलरा आला. सुमारे १५,००० लोक निघाले आणि त्यांतले साधारण २,५०० वाटेत किंवा पोहोचल्यावर लगेच मेले असा अंदाज दिला जातो. ‘अश्रूंची वाट’ (ट्रेल ऑफ टिअर्स, या हकालपट्ट्यांचं रूढ नाव) म्हटलं की शाळेच्या पुस्तकात १८३८ मधले चेरोकी हे दुसरे मूळ रहिवासी लोक येतात. पण त्या कायद्याखाली सर्वांत आधी घालवले गेले ते चोक्टॉ, आणि ‘अश्रू आणि मृत्यूची वाट’ हे शब्दही एका चोक्टॉ प्रमुखाचे मानले जातात.

मरणाबद्दल किती सांगावं? माझा अनुभव असा की आकड्याने मूल हलत नाही. २,५०० ऐकून ते वहीत लिहून घेतं. डिसेंबर १८३१ मध्ये अलेक्सिस द तोकव्हिल हा फ्रेंच प्रवासी मेम्फिसला होता. त्याने चोक्टॉ कुटुंबांना नदी ओलांडताना पाहिलं आणि लिहून ठेवलं. बर्फ गोठून कडक झालेला, नदीत हिमाचे मोठे तुकडे वाहत असलेले. बरोबर जखमी, आजारी, नुकती जन्मलेली बाळं, मरणाच्या दारातली म्हातारी माणसं. कोणी रडत नव्हतं, सगळे गप्प होते. ते होडीत चढले, कुत्री काठावर राहिली. आपल्याला सोडून चालले आहेत हे कळताच कुत्र्यांनी एकदम विव्हळायला सुरुवात केली, मिसिसिपीच्या बर्फाळ पाण्यात उड्या घेतल्या आणि ती मालकांच्या मागे पोहू लागली.

हा प्रसंग सांगितल्यावर दरवर्षी दोन-तीन मुलं रडायची. म्हणून तीन गोष्टी सांगते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हा प्रसंग पुरे. कॉलऱ्याचं, प्रेतांचं वर्णन नको. तो तासाच्या शेवटी सांगू नका. मधे सांगा, म्हणजे बोलायला वेळ उरेल. आणि सांगून झाल्यावर लगेच ‘तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारू नका. दोन मिनिटं कागदावर काहीही काढू द्या. मी गप्प बसायला शिकले तेव्हा मुलं खरं बोलायला लागली.

त्यानंतर लगेच जॉर्ज हार्किन्सकडे या. हा तरुण चोक्टॉ प्रमुख, लफ्लोरचा भाचा. निघताना त्याने अमेरिकन जनतेला उद्देशून निरोपाचं पत्र लिहिलं आणि १८३२ च्या सुरुवातीला ते वृत्तपत्रांत छापून आलं. जे कायदे करताना आमचा आवाज कोणी ऐकला नाही, त्यांच्या खाली अपमानात जगण्यापेक्षा हाल सोसून स्वतंत्र राहणं आम्ही पसंत केलं, असा त्याचा आशय. या वाक्याचा कर्ता चोक्टॉ आहेत, हे मुलांना दाखवा. तोवर फळ्यावर सगळे कर्ते घालवणारे असतात आणि घालवलेले नुसते कर्म होऊन बसतात. हार्किन्स ते उलटवतो. आणि मिसिसिपी न सोडणारेही त्याच्याइतकेच कर्ते आहेत. पाच-सहा हजार लोक जमिनी गमावून, दलदलीत आणि जंगलात राहून, दुसऱ्यांच्या शेतावर राबून तिथेच टिकले. आजचा मिसिसिपी बँड ऑफ चोक्टॉ इंडियन्स त्यांचाच. १९४५ मध्ये त्याला केंद्र सरकारची मान्यता मिळाली आणि २००८ मध्ये नानिह वाया त्यांच्याकडे परत आलं. पश्चिमेला गेलेल्यांनी १८३४ मध्येच स्वतःची लिखित राज्यघटना केली आणि शाळा काढल्या. आज चोक्टॉ नेशनचे सदस्य दोन लाखांहून जास्त आहेत.

आयर्लंडची गोष्ट तुम्हाला सापडेलच: १८४७ च्या दुष्काळात ओक्लाहोमातल्या चोक्टॉ लोकांनी आयरिश लोकांसाठी १७० डॉलर गोळा केले, आणि कॉर्क परगण्यातल्या मिडल्टन गावी त्याच्या स्मरणार्थ स्टीलच्या नऊ पिसांचं शिल्प उभं आहे. ती जरूर सांगा, पण शेवटचं गोड म्हणून वाढू नका. बहुतेक शिक्षक तसं करतात आणि मुलं घरी फक्त तेवढंच घेऊन जातात. ती दुसऱ्या तासाच्या सुरुवातीला ठेवा.

शब्दांबद्दल थोडं. ‘रेड इंडियन’ हा शब्द आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत सर्रास आहे आणि आजी-आजोबांच्या तोंडी येईल. मुलांदेखत त्यांना टोकू नका, वर्गात ‘चोक्टॉ’ किंवा ‘चाह्ता’ म्हणा, म्हणजे तोच रुळतो. भाषा मात्र जरूर ऐकवा. ‘हलितो’ म्हणजे नमस्कार, ‘याकोके’ म्हणजे आभारी आहे. चोक्टॉ लिपीत ‘व्ही’सारखं एक अक्षर आहे. त्याचा उच्चार आपल्या ‘अ’सारखा होतो. इंग्रजी बोलणारी मुलं तिथे अडखळतात, मराठी मुलं नाहीत. काही स्वरांखाली रेघ असते, ते नाकातून म्हणायचे, आपल्या अनुस्वारासारखे. ‘ओक्ला’ म्हणजे लोक, ‘हुम्मा’ म्हणजे लाल. १८६६ मध्ये ॲलन राइट या चोक्टॉ प्रमुखाने सुचवलेलं ओक्लाहोमा हे नाव त्यातूनच आलं. पिसांचे मुकुट, कागदी तंबू, मुलांना ‘इंडियन नावं’ देणं, यातलं काहीही नको.

आता ‘आपलं घर कोणाच्या जागेवर?’ हा प्रश्न. तो टाळू नका, आणि मुलीला अपराधी वाटेल असंही उत्तर देऊ नका. खरं उत्तर सोपं आहे. टेक्सासच्या उत्तर भागातली ही भूमी कॅडो, विचिता, कोमांची या लोकांची. त्यांनाही घालवलं, आणि ते लोक आज ओक्लाहोमात आहेत. ‘बाबा, आपणही भारतातून आलोच की’ असं वर्गात कोणीतरी म्हणेल. तेव्हा तिकीट कोणी काढलं, जायचं की नाही हे कोणी ठरवलं, परत जाता येतं का, हे तीन प्रश्न फळ्यावर लिहा. आपल्या घराची आणि चोक्टॉ घराची उत्तरं मुलं स्वतः भरतील. एखाद्याच्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं असेल आणि तो ते बोलेल. बोलू द्या, त्याच तीन प्रश्नांवर तेही तपासू द्या. पण दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणून पाठ तिकडे वळवू नका. ते दोन तास चोक्टॉ लोकांचे आहेत.

नोव्हेंबरबद्दल एक विनंती. त्या महिन्यात शाळांतून थँक्सगिव्हिंगच्या पिसांचा आणि टर्कीचा इतका मारा असतो की तुमचा पाठ त्यात मिसळून जाईल. जमलं तर तो ऑगस्टच्या शेवटी घ्या. लगेच लेबर डेची सुट्टी येते आणि टस्काहोमा इथे, चोक्टॉ नेशनच्या १८८४ च्या जुन्या राजधानीच्या इमारतीसमोर, त्यांचा मोठा उत्सव भरतो. डॅलसहून गाडीने अडीच-तीन तास. तिथे स्टिकबॉल या त्यांच्या पारंपरिक चेंडूखेळाचे सामने असतात. दोन हातात दोन काठ्या, अंगावर कसलंही चिलखत नाही, आणि मैदानावर चाह्ता भाषेत आरोळ्या. तेवढं लांब जमणार नसेल तर ड्युरांटचं चोक्टॉ कल्चरल सेंटर दीड तासावर आहे. कुठेही गेलात तरी मुलांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा: फोटो काढण्याआधी विचारायचं, आणि भेटेल त्या माणसाला ‘तुमचे पूर्वज कसे होते?’ याआधी ‘तुम्ही काय करता?’ हे विचारायचं. टोप्या आणि पाणी भरपूर न्या, सप्टेंबरात तिथे ऊन कडक असतं.